नाशकात बसून मराठी गलबत बांधायचं आहे : मापं, लाकूड आणि सुरुवात

टूलरूमवाला_अंबड
१२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो, राहायला इंदिरानगर. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग हेच आजवरचं काम, त्यामुळे पितळ आणि लोखंड हाताला सरावलेलं आहे. लाकडाशी संबंध आला तो पॅटर्नमेकरकडे कास्टिंगचे पॅटर्न तपासायला जायचो तेवढाच.

गेल्या दिवाळीत मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग बघून होडीने परत येताना मुलीने विचारलं, "बाबा, किल्ला आहे, मग जहाजं कुठे गेली?" तेव्हापासून मनात आहे की आपल्या आरमाराचं एक जहाज लाकडात, मापाबरहुकूम, स्वतःच्या हाताने बांधायचं. दुकानात शोपीस म्हणून मिळतात तसलं नको. त्यात शिडं इंग्रजी, झेंडा भगवा आणि खालचा आकार कशाचाच नाही.

परदेशी किट पाहिले. सुंदर असतात, पण बहुतेक व्हिक्टरी, बाउंटी, कटी सार्क असली इंग्रज जहाजं. मला आपलं जहाज हवंय. म्हणून जाणकारांना विचारतो. गुराब बांधावी की गलबत? मापं कशावरून काढायची? आणि लाकूड? वखारीत गेलो की सागच दाखवतात, नाहीतर पॅकिंगचा पाइन. कुणी म्हणतं बाल्सा मागव. बाल्कनीत चार फुटी टेबल बसतं आणि घरी एक छोटा बेंच लेथ आहे. घाई अजिबात नाही.

---

ओंजळ
१३ जून, सकाळी ७:१५

गलबत बांधा. गुराब त्यानंतर.

मी पंचवटीत राहते. सातपूरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोर्ड, टी-स्क्वेअर आणि फ्रेंच कर्व्ह यांच्यावर माझा फार जीव. संगणक आल्यावर ऑफिसातला एक जुना बोर्ड मी मागून घरी आणला. आता त्याच्यावर जहाजांच्या रेषा काढते आणि शेजारच्या टेबलावर ती बांधते. तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले.

आधी तिचं उत्तर, कारण मॉडेल कुठल्या काळाचं करायचं ते त्यावर ठरतं. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला इंग्रजांचं आरमार समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून भिडली. त्या लढाईत आंग्र्यांचं तिथलं आरमार बंदरातच जळालं. तिला हे सांगा. विजयदुर्गाला गेलात तर वाघोटण खाडीत आत, गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या गोदीची जागाही दाखवा. किल्ल्यापर्यंत जाणारे पुष्कळ, गोदीपर्यंत फार थोडे जातात, आणि जहाजात रस असलेल्या माणसाने आधी गोदी बघावी असं माझं मत आहे.

आता मापं. आपल्या किनाऱ्यावरचे सुतार कागदावरच्या आराखड्यातून जहाज बांधत नसत. नजर, दोरी आणि बापाकडून आलेलं गणित यांवर बांधत. त्यामुळे व्हिक्टरीसारखा आराखड्यांचा गठ्ठा आपल्याला मिळायचा नाही. पण वर्णन मिळतं, आणि चांगलं नेमकं मिळतं. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांबद्दल लिहून ठेवलंय. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांच्या आतली. पाण्यात फार खोल न बसणारी, लांबीच्या मानाने रुंद, आणि पुढे नेहमीच्या गोल तोंडाऐवजी लांब निघालेली नाळ. या नाळेवरच्या डेकला कठडा नाही, कारण समोरून लाट आली की गुराब जोरात डुबकी मारते आणि वर आलेलं पाणी अडता कामा नये. नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या.

गलबत तिच्याच घडणीचं, पण लहान. मोठ्यात मोठं ७० टनांच्या आसपास. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी किरकोळ. मुख्य डोलकाठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड, आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. ४० ते ५० वल्ही. वल्हवून तासाला ४ मैल. बहुतेक गलबतांचं डेक वजन कमी राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचं. फक्त मोठ्या गलबतांना पक्कं लाकडी डेक आणि त्यावर २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा. वारा पडला की हीच गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे मोठ्या जहाजाच्या फार थोड्या तोफा पोचतात.

एवढ्यावर आपल्याला काम करता येतं. बघा कसं ते. ४० वल्ही म्हणजे एका बाजूला २०. बसून वल्हं मारणाऱ्या माणसाला पुढे-मागे साधारण ३ फूट तरी लागतात. म्हणजे नुसता वल्ह्यांचा भाग ६० फूट. पुढे नाळ, मागे सुकाणूची जागा, असे अजून २० धरा. गलबत झालं ८० फुटी. आता रुंदी. त्या काळी इंग्रज टनभार काढत तो सरळ मापांवरून : लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं. लांबी ८० घेऊन, उत्तर ७० यायला रुंदी किती हवी ते उलटं सोडवा. साडेतेरा फूट येते. मला हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा फार आनंद झाला होता, कारण वल्ह्यांची संख्या आणि टनभार या दोन वेगळ्या गोष्टी एकाच जहाजावर येऊन थांबल्या. लांब, अरुंद, वल्ह्यावर पळणारं जहाज. असंच असायला हवं.

१:४८ ही पट्टी घ्या, म्हणजे पाव इंचाला एक फूट. तुमचं गलबत २० इंच लांब, म्हणजे ५१ सेंटीमीटर, आणि साधारण साडेआठ सेंटीमीटर रुंद होईल. बाल्कनीतल्या टेबलावर आरामात मावेल. या पट्टीत साडेपाच फुटी माणूस ३५ मिलिमीटरचा होतो. असा एक पुठ्ठ्याचा माणूस कापून टेबलावर कायम उभा ठेवा. कठडा त्याच्या छातीला लागतो का, वल्हं त्याच्या हातात बसतं का, जिन्याच्या दारातून तो वाकून जातो का, हे प्रत्येक वेळी त्याला विचारायचं.

आणि एक आग्रहाची विनंती. मॉडेलसोबत एक कागद ठेवा आणि त्यावर स्पष्ट लिहा : हे ऑर्मच्या वर्णनावरून, हे हिशेबावरून, हे माझं अनुमान. शिवरायांच्या हाती कल्याण-भिवंडी आली १६५७ मध्ये, आणि ऑर्मचं वर्णन आहे आंग्र्यांच्या काळातलं. मधे शंभर वर्षं गेली. म्हणून पाटीवर 'शिवकालीन' लिहू नका, 'आंग्रेकालीन गलबत' लिहा. आपल्या आरमाराबद्दल प्रेम आहे म्हणूनच हे नेमकं असायला हवं. मुलं मॉडेल बघून शिकतात, ते खरं मानतात.

लाकडाचं संध्याकाळी लिहिते, आत्ता पाणी यायची वेळ झाली.

---

कटर_मॅट
१३ जून, दुपारी १:०५

ओंजळताई, मापांचा हिशेब वाचून मजा आली. पण थोडं वेगळं मत मांडतो. मी गंगापूर रोडला राहतो आणि दोन किट पूर्ण केलेत. माझ्या मते नवीन माणसाने आधी एक छोटं, एका डोलकाठीचं किट करावं. लेझरने कापलेल्या बरगड्या मिळतात, आराखडा मिळतो, पायरीपायरीने चित्रं असतात. आकार बिघडत नाही आणि काम पूर्ण होतं. स्वतः आराखडा काढून सुरू केलेली किती मॉडेल्स अर्धवट पडून राहतात!

दुसरं, साग का नको? मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाचीच जहाजं बांधली ना? नाशकात जुने वाडे उतरवतात तेव्हा सागाच्या तुळया-खांब निघतात. पन्नास-शंभर वर्षं मुरलेलं लाकूड. त्याहून चांगलं काय मिळणार?

---

ओंजळ
१३ जून, संध्याकाळी ७:५०

कटर_मॅट, किटबद्दल तुमचं म्हणणं ज्याच्या हाताला हत्यार नवीन आहे त्याच्यासाठी योग्य आहे. पण हे गृहस्थ टूलरूमवाले आहेत. ड्रॉइंग वाचणं, माप धरणं, जिग बनवणं त्यांना मला-तुम्हाला शिकवता येईल. त्यांना शिकायचंय ते एकच : जहाजाचा आकार. आणि किटमध्ये नेमका तोच भाग तयार येतो.

सागाबद्दल. वाडियांच्या सागाबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. ट्रिंकोमाली ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरली, मलबारी सागाची, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला तेही मुंबईचंच. खऱ्या जहाजाला सागासारखं लाकूड नाही. त्यातलं तेल पाण्याला आणि किडीला दाद देत नाही, आणि लोखंडी खिळे त्यात ओकसारखे गंजत नाहीत.

पण १:४८ मध्ये तेच गुण आड येतात. तेलामुळे पांढरा फेव्हिकॉल नीट धरत नाही, चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी स्पिरिटने पुसावी लागते. दीड मिलिमीटरची पट्टी वाकवली की रेषेवर फुटते. सर्वांत मोठी अडचण डोळ्याची आहे. सागाची छिद्रं आणि रेषा ठसठशीत असतात. ५१ सेंटीमीटरच्या जहाजावर ती अठ्ठेचाळीस पट मोठी होऊन दिसतात, म्हणजे फळीत बोट जाईल एवढ्या चिरा. मॉडेलमध्ये लाकडाचा पोतही मापात असावा लागतो.

म्हणून माझी निवड शिवण. रंगाने फिकट, हलकी, हत्याराला सरळ जाणारी, आणि मुरली की हलत नाही. वखारीत 'शिवण आहे का' असं नाव घेऊन विचारा. नाव घेतल्याशिवाय दाखवत नाहीत, कारण गिऱ्हाईक साग मागतं. दुसरं हळदू. पिवळसर, इतकं घट्ट आणि बारीक पोताचं की त्यावर सुईने रेघ मारली तरी कड तुटत नाही. कप्प्या, नाळेचं टोक, सुकाणूची मूठ असल्या बारीक गोष्टींना हळदू. लेथवर तर ते लोण्यासारखं जातं. दोन्ही फूटभर लांबीचे तुकडे घ्या, मोठी फळी घेऊ नका. बरगड्यांना ४ मिलीचं चांगलं प्लाय. बाल्साच्या वाटेला जाऊ नका, नखाने खळगा पडतो आणि कड धरत नाही. विमानासाठी ते ठीक.

वाड्याचा साग वाया घालवू नका, त्याची बैठक करा. वर शिवणीचं गलबत, खाली जुन्या नाशकातल्या तुळईचा तुकडा. छान दिसेल.

डेकसाठी बांबू मात्र खराच वापरा, कारण मूळ गलबतावर तोच होता. सुपं-टोपल्या विणणारे बुरूड जी बारीक कामटी काढतात तीच हवी. मी मानवेल मागते. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून एकसारखा चिरला जातो. त्यांच्यासमोर बसून दोन मिलीची कामटी काढून घ्यायची. काम बघण्यासारखं असतं, आणि योग्य ते पैसे द्यायचे, घासाघीस करायची नाही. याच बांबूच्या काड्या सोनार तार ओढतात तसल्या भोकांच्या पोलादी पट्टीतून एकापेक्षा एक लहान भोकातून ओढल्या की पाऊण मिलीच्या गोल काड्या होतात. फळ्या बरगड्यांना ठोकायला लाकडी खुंट्या म्हणून त्या वापरायच्या. पट्टी सराफ बाजारात सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळते, किंवा तुम्ही स्वतःच टूल स्टीलमध्ये करा. तुम्हाला एक दुपार पुरेल.

---

टूलरूमवाला_अंबड
१३ जून, रात्री १०:२०

ताई, किती लिहिलंत! प्रिंट काढून ठेवतोय. वल्ह्यांवरून लांबी काढलीत ते मुलीला समजावलं, तिने लगेच बाल्कनीत ३ फुटांवर खुणा करून दोन स्टुलं मांडली आणि आम्ही दोघं झाडूने वल्हं मारून पाहिलं. ३ फूट बरोबर लागतात.

ती भोकांची पट्टी, म्हणजे ड्रॉ प्लेट, उद्याच करतो. तोफा ब्रासमध्ये लेथवर काढेन. पण तुम्ही म्हणता तो 'जहाजाचा आकार' शिकायचा कसा? सुरुवातीचं नेमकं काम काय?

---

ओंजळ
१४ जून, सकाळी ६:५०

सुरुवात अर्ध्या गलबताने करा. पूर्ण मॉडेल नाही, डोलकाठी नाही, काही नाही. मधोमध उभं चिरलेलं गलबत, एक बाजू फक्त, पाठीमागे फळी, भिंतीवर लावायचं. इंग्लंड-अमेरिकेत जहाज बांधणारे असं अर्धं मॉडेल आधी करत आणि त्यावरून मापं घेऊन मोठं जहाज उभं करत. म्हणजे हे नवशिक्यांसाठीचं खेळणं नव्हे, जहाज बांधायचंच साधन आहे.

करायचं असं. कागदावर आधी वरून दिसणारी कड काढा, मग बाजूने दिसणारा आकार, मग समोरून काप. तिन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत खोडा आणि पुन्हा काढा. इथे तुमच्या हातातलं मशीन-ड्रॉइंग आणि हे यांत एक फरक आहे : इथे सरळ रेष जवळपास कुठेच नाही, आणि कंपासचं वर्तुळ तर नाहीच. लवचिक पट्टी, माझी शिवणीचीच आहे, खिळ्यांच्या आधाराने वाकवायची आणि ती जशी वाकते तशी रेष मारायची. पट्टीला ज्या वळणावर जोर लावावा लागतो, तिथे खरी फळीही बसणार नाही. कागदावरच कळतं.

गलबताची खोली मी साडेसहा-सात फूट धरते. म्हणजे मॉडेलमध्ये ६ मिलीच्या फळ्यांचे सात थर. प्रत्येक थर त्या पातळीवरच्या रेषेप्रमाणे फ्रेटसॉने कापायचा, एकावर एक चिकटवायचे, पायऱ्या दिसतील. त्या पायऱ्या रंध्याने, मग कानशीने, मग पॉलिश पेपरने उतरवायच्या. आता यातली खरी गंमत. थरांच्या सांध्यांच्या बारीक रेषा तयार आकारावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उमटतात. रेष सुरेख वाहत गेली तर आकार बरोबर. रेषेत कुठे पोट आलं किंवा खळगा पडला, तर तिथे हात चुकलाय, आणि तो डोळ्याला दिसायच्या आधी रेषेत दिसतो. सपाटी तपासायच्या सरफेस प्लेटवर निळा रंग लावून तुम्ही उंचवटे शोधत असालच. हे तेच काम, वळणावर.

एकदा हे जमलं की पूर्ण गलबताकडे जा. मधला कणा आणि त्यावर दर साडेतीन सेंटीमीटरला प्लायची आडवी बरगडी. फळ्या ठोकण्याआधी बरगड्यांच्या कडा उतरवाव्या लागतात, कारण नाळेकडे आणि मागे फळी तिरकी येऊन टेकते, पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. एक पट्टी सगळ्या बरगड्यांवर टेकवून फिरवत राहा. जिथे उजेड दिसेल तिथे काम बाकी आहे.

फळ्यांचं गणित लोक सोडून देतात आणि मग नाळेपाशी सगळं एकावर एक चढतं. मधल्या बरगडीचा घेर मोजा, फळीच्या रुंदीने भागा, फळ्यांची संख्या मिळाली. तेवढ्याच संख्येने नाळेपाशीचा घेर भागा, टोकाची रुंदी मिळाली. ती मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी येत असेल तर पुढे एक फळी कमी करा आणि शेजारची रुंद घ्या. टोकदार सुईसारखी फळी खऱ्या सुताराने कधी ठोकली नसती, तिला खिळा धरणार कुठे? एक फळी डावीकडे, मग एक उजवीकडे. एकाच बाजूने भरत गेलात तर कणा त्या बाजूला ओढला जातो आणि मग तो सरळ होत नाही. वाकवायला फळी अर्धा तास पाण्यात, मग गरम इस्त्रीच्या कडेवर हळूहळू. जोर लावायचा नाही. वाकवून चिमट्यांनी जागेवर धरा, रात्रभर सुकू द्या, चिकटवा दुसऱ्या दिवशी. ओली फळी चिकटवली तर सुकताना आक्रसते आणि दोन फळ्यांत फट पडते.

यावरून नाशकातल्या हवेचं सांगते, कारण पुस्तकं लिहिणारे आपल्याकडे राहत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी ठणठणीत, आणि आत्ता पाऊस लागला की चार महिने दमट. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यात ठोकलेल्या फळ्या उन्हाळ्यात सांधे उघडतात. म्हणून आता लाकूड घ्या, पट्ट्या काढा, मधे काड्या ठेवून रचून ठेवा, आणि फळ्या ठोका दिवाळीनंतर. पावसाळ्यात अर्धं मॉडेल, तोफा आणि वल्ही. चाळीस वल्ही आहेत, पावसाळा पुरेल! मुलीला वल्ही करायला द्या. एकसारखी चाळीस वल्ही केली की तिचा हात तयार होईल.

---

देवगडकर_नाशिकरोड
१५ जून, रात्री ८:३०

आमचे आजोबा देवगडला मचव्यावर तांडेल होते. लहानपणी त्यांच्यासोबत बसून शिडं शिवलेली बघितली आहेत. ओंजळताईंनी आकाराचं सगळं सांगितलंय, मी वरच्या भागाचं सांगतो, कारण मॉडेलवाले तिथे हमखास इंग्रजी जहाज करून ठेवतात.

डोलकाठी ताठ उभी करू नका. आपल्या मचव्यांची, पत्तेमारींची डोलकाठी पुढे झुकलेली असते. त्याला कारण आहे. तिकोनी शीड ज्या लांब काठीवर असतं ते परबाण. वाऱ्याची बाजू बदलायची तर परबाण खालून उचलून डोलकाठीच्या पुढून दुसरीकडे न्यावं लागतं. काठी पुढे झुकली की त्याला फिरायला जागा मिळते. परबाण एका लाकडाचं क्वचितच, दोन तुकडे एकावर एक चढवून दोरीने घट्ट बांधलेलं. मॉडेलमध्ये तो सांधा आणि बांधणी दाखवा, लगेच खरं वाटेल. मधे जाड, टोकांना निमुळतं.

दोरखंडांची इंग्रजी जाळी, ते शिड्यांसारखे दोर आणि गोल तीन भोकांचे ठोकळे गलबताला लावू नका. आपल्याकडे डोलकाठीला आधार देणारे दोर कप्पीवर ओढून बांधलेले असतात आणि वाऱ्याच्या बाजूला घट्ट करतात. पलीकडचे सैल, कारण परबाण तिकडे फिरायचं असतं. म्हणजे तुमचं काम सोपं होतं. थोडे दोर, पण प्रत्येक दोर कशासाठी हे कळलं पाहिजे.

रंगही सांगतो. दोर काथ्याचे, म्हणजे तांबूस तपकिरी. पांढरा दोरा लावलात तर गलबत लग्नात निघाल्यासारखं दिसेल. शीड जाड सुती कापडाचं, वापरून मळकट पिवळं झालेलं, आणि उभ्या पट्ट्या एकमेकांना शिवलेल्या.

---

ओंजळ
१६ जून, सकाळी ७:३०

देवगडकर, पुढे झुकलेल्या डोलकाठीचं कारण इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं. आजोबांच्या मचव्याबद्दल आठवेल ते सगळं वेगळा धागा काढून लिहा. परबाणाची लांबी मचव्याच्या लांबीच्या मानाने किती असायची, बांधणीला किती वेढे, शीड उतरवताना कोण कुठे उभा राहायचा. ज्यांनी ते हाताने केलं ती माणसं थोडी उरलीत. तुमच्याकडून ते लिहून झालं तर आमच्यासारख्यांच्या मॉडेलमधली अनुमानं कमी होतील. फ्रांस्वा-एदमों पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात जगभरच्या किनाऱ्यांवरच्या देशी नौका मापं घेऊन कागदावर उतरवल्या, त्यात आपल्या पत्तेमारीही आहेत. परक्या माणसाने एवढी मेहनत घेतली. आपल्या घरातली आठवण तरी आपण लिहावी.

टूलरूमवाले, दोरांच्या जाडीचं एक ध्यानात ठेवा. जुन्या कागदांत इंग्रजी दोराचं माप जाडीचं नसून घेराचं असतं. '६ इंची दोर' म्हणजे घेर ६ इंच, जाडी दोन इंचांच्या जरा आत. १:४८ मध्ये तो बरोबर १ मिलीचा होतो, आणि ३ इंची अर्ध्या मिलीचा. मुख्य डोलकाठीच्या आधाराला १ मिली, बाकी अर्धा मिली किंवा त्याहून बारीक.

दोर विकतचा नको, वळून करा. बारीक सुती दोऱ्याचे तीन पदर एका दिशेने पीळ देऊन ताणून धरायचे आणि मग तिघांना मिळून उलट्या दिशेने वळायचं. उलटा पीळ असल्यामुळेच दोर सुटत नाही. तुमच्याकडे गिअर आहेत, तीन हुक एकदम फिरवणारा छोटा गिअरबॉक्स सहज कराल. दोर चहाच्या कडक पाण्यात रंगवा, सुकला की मधमाशीच्या मेणावरून ओढा, म्हणजे पिंजर बसते. ताणून वीणेच्या तारेसारखा करू नका. सुती दोर दमट हवेत आखडतो. मेमध्ये तट्ट बांधलेला दोर जुलैत डोलकाठी वाकवेल.

शिडाला जुनी मऊ मलमल घ्या. शिवणीचे टाके या मापात जाड दिसतात, म्हणून पट्ट्यांच्या रेषा पेन्सिलने मारा आणि फक्त कडेला दोर शिवा. लाकडावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन पातळ हात. चकाकी आणणारं पॉलिश नको, त्याने लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं.

---

टूलरूमवाला_अंबड
१९ जून, रात्री १०:०५

काम सुरू झालंय. वखारीत नाव घेऊन विचारल्यावर मागच्या रचाईतून शिवणीचे तुकडे काढून दिले, हळदूचा एक ठोकळाही मिळाला. पट्ट्या रचून ठेवल्या आहेत. ड्रॉ प्लेट केली, दोन मिलीपासून पाऊण मिलीपर्यंत नऊ भोकं. काडी गुळगुळीत निघते, फक्त ओढण्याआधी टोक चाकूने निमुळतं करावं लागतं. कुणाला हवी असेल तर सांगा, अजून दोन-तीन करून देईन, पैसे नकोत.

एक शंका. नाळेचा बाजूने दिसणारा आकार मी पुढे सरळ तिरका काढला होता, मुलगी म्हणते वर जाताना किंचित आत वळायला हवा. दोघांचंही अनुमानच आहे. काय धरू?

---

ओंजळ
२० जून, सकाळी ७:००

दोन्ही काढा, एकाच मापात, शेजारी शेजारी पुठ्ठ्यावर कापून. मग त्यावर परबाणाचा खालचा टोकाकडचा दोर कुठे बांधला जाईल तो दाखवा, आणि पाणी डेकवरून वाहून जायला वाट राहते का ते बघा. ऑर्मने कठडा नसल्याचं कारण दिलंय, त्या कारणाला जो आकार जास्त मानवतो तो घ्या. मला वाटतं सरळ तिरका. पण देवगडकरांनी मचव्याची नाळ डोळ्यांनी बघितली आहे, त्यांचं उत्तर येईपर्यंत चिकटवू नका.

ड्रॉ प्लेट एक मला हवी आहे. पंचवटीत आलात की घरी या, मुलीलाही आणा. माझ्या बोर्डावर तिला लवचिक पट्टीने रेष मारायला दाखवते.

---

देवगडकर_नाशिकरोड
२० जून, रात्री ९:१५

मचव्याची नाळ सरळ तिरकीच, पुढे झेपावलेली. पण अगदी वरचा वीतभर भाग किंचित वळवून टोक काढलेलं असायचं, दोर अडकवायला. म्हणजे बाबांचं खालून बरोबर आणि पोरीचं वरून. ते टोक वेगळ्या लाकडाचं करून खाचेत बसवा, तिथे हळदू घाला.